छत्तीसचा आकडा

गोळीबार चौकात पराते काकांनी
चष्मा कपाळावर सारून रिम उजेडाकडे धरली
आणि वॉल्व्हच्या भोकापासून एकेक भोक मोजलं,
आई पोळ्या मोजते तसं, ओठ न हलवता.
बत्तीस.
मग पार्सलातला हब उचलला.
छत्तीस.
"नाही जमत. काहून आणली वं ही?"

शनिचरीतून आणली होती, साडेतीनशेला,
भाव पाडल्याच्या आनंदात घामोळ्याही विसरून.
हब मात्र दिल्लीहून, महागाचा.
साध्या सायकलीचा चालत नाही एकचाकीला.
तिथे दांडा जागचा हलत नाही, चाक त्याच्याभोवती फिरतं,
इथे दांडा चाकाशीच बांधलेला:
पाय थांबला की चाक थांबतं,
चाक थांबलं की माणूस आपटतं.
मधल्यामध्ये सुटी नाही.

मी म्हटलं, "बत्तीस तर जुळतात ना काका,
चार सोडून देऊ."
ते हसले नाहीत.
"चार सोडले का चाक तेवढ्या जागी रडते.
मग बाजूचे चार ढिले होतात.
मग तू येशीन माझ्याकडे, नाहीतर मेडिकलले जाशीन."

मी स्टुलावर बसून राहिले.
छत्तीसपैकी बत्तीस माझेही जुळले होते.
गुरुजींनी आकडा लिहून खाली दोन रेघा मारल्या,
बाबांनी त्याच संध्याकाळी पेढे आणले.
उरलेले चार कोणते, ते कुणी विचारलं नाही.
मला चौदा महिने लागले.

छत्तीसची रिम मिळेपर्यंत अर्धा मे संपला.
गांधीबाग झालं, इतवारी झाली.
मोमिनपुऱ्यात मालक नमाजाला गेलेला,
गल्ल्यावरचा पोरगा म्हणाला,
"दूसरा पहिया किधर है, बाजी?"
हेच सगळे विचारतात. ऑटोवाला.
शेजारच्या हेडाऊ काकू. ऑफिसात, बिलं दुरुस्त करायला आलेली माणसंसुद्धा.
घरी आहे, सांगते मी.
झोपलंय.

शेवटी सक्करदऱ्याला एका मेलेल्या सायकलीची मिळाली:
चोवीस इंची, एका जागी किंचित चेपलेली, पण छत्तीस.
काकांनी कॅलेंडरच्या पाठीवर आऱ्यांची लांबी काढली.
दोन मिलिमीटर जास्त झाली तर आरा ट्यूबमध्ये घुसतो,
कमी झाली तर निपल धरत नाही.
एक आरा जास्तीचा मागवला.

मग विणायला बसले. हो, विणायलाच.
दोघींच्या वरून, तिसरीच्या खालून,
पुन्हा दोघींच्या वरून.
"बापाचा माग होता इथंच, हे शटर आहे ना, तिथं.
पाय खड्ड्यात टाकून बसे.
मले धोटा कधी जमलाच नाही."
बोटं थांबली नाहीत बोलताना.

फोर्कची खोबण निघाली बेचाळीसची,
बेअरिंग चाळीसचं.
मी डोळे मिटले, म्हटलं, झालं, हेही परत.
पण त्यांनी पत्र्याची पट्टी कापली,
गोल वाकवली, घासली, बसवली.
हे कसं चालतं मग?
"फट भरता येते पोरी.
भोक सरकवता येत नाही."

संध्याकाळी चाक स्टँडवर फिरलं.
प्रत्येक तारेला त्यांनी नखानं टिचकी मारली,
एक जराशी बेसूर वाजली, तिला पाव फेरा दिला.
रिम खडूला कुठेच घासत नव्हती,
चेपलेल्या जागीसुद्धा. म्हणजे, जवळजवळ कुठेच.

सदतिसावा आरा उरला.
मला वाटलं, जपून ठेव म्हणतील.
त्यांनी तो कूलरच्या नळीत घालून
क्षाराचा खडा फोडला,
वाळ्यावरून पाणी उतरू लागलं
आणि दुकानभर ओला वास पसरला.

मी शटरची कडी धरून चढले.
एक पाय पायडलवर.
दुसरा अजून गोळीबार चौकात.